कोणी ऐकतंय का?

एकाची गोष्ट अनेकांच्या कानी घालायची तर कशी घालावी, हा प्रश्न माणूस गाव करून राहू लागला तेव्हापासून त्याला पडत आला असावा. माझ्या लहानपणी आमच्या गावाने तो दोन तऱ्हांनी सोडवला होता.

पहिली तऱ्हा दवंडीची. कोतवाल हलगी घेऊन वेशीपासून निघायचा आणि चावडी, मारुतीचा पार, तेल्याची गल्ली असे करीत साऱ्या गावाला वळसा घालायचा. ग्रामसभा असो, जनावरांना लस टोचायची असो, की कोणाची शेळी हरवलेली असो, हलगी तीच नि आवाजही तोच. या तऱ्हेत एक सोय होती आणि तीच तिची गैरसोयही होती. ज्याला हवे त्यालाही ऐकू येई आणि ज्याला नको त्यालाही. बिनशेळीच्या माणसालाही शेळीची हकीकत सबंध ऐकावी लागे, आणि नुकतेच निजलेले तान्हे मूल दचकून उठले म्हणजे घरातली म्हातारी कोतवालाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

दुसरी तऱ्हा लग्नपत्रिकेची. ज्याची त्याला, घरोघर जाऊन द्यायची. कोणाची झोप मोडत नाही, भलत्याला भलते कळत नाही. पण शंभर घरांना शंभर खेपा घालाव्या लागतात, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पहिली पत्रिका कोणाच्या दारी गेली हा प्रश्न उरतोच. मामाला आधी आणि आत्याला मागून मिळाली, एवढ्यावरून भर मांडवात रुसून बसलेल्या आत्याबाई मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मजकूर तोच, शाईही तीच. पण आधी कळणे आणि मागून कळणे यांत मानापमानाचे केवढे अंतर असते!

तिसरी एक तऱ्हा आमच्याच जिल्ह्यात पाहायला मिळते. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यांची वर्तुळे करतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत काय हलले, काय विखुरले ते पाहून पाऊसपाण्याचे नि पिकांचे भाकीत सांगतात. ही चाल साडेतीनशे वर्षांची आहे असे सांगतात. भाकीत खरे मानावे की नाही हा वाद निराळा; तो मी येथे उकरीत नाही. माझे लक्ष वेधले ते सांगण्याच्या रीतीने. तेथे कोणी घरोघर पत्रिका वाटीत नाही, की जिल्हाभर हलगी वाजवीत नाही. ज्याला ऐकायचे तो आपण होऊन पहाटे त्या शेतात जाऊन उभा राहतो. सांगणारा एकदाच सांगतो आणि उभे असलेले सगळे एकाच क्षणी ऐकतात. ज्याला पावसाशी कर्तव्य नाही तो आपल्या घरी सुखाने घोरत असतो.

ही तिसरी तऱ्हा यंत्रांना शिकवायला माणसाला किती खटाटोप करावा लागला, हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. माझी पाटी मॅट्रिकवर थांबलेली. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्यांचे कागद काळे करावेत, एवढाच माझा संसार. पण आमच्या शाळेला वीस संगणक मिळाले आणि त्यांच्या मधोमध एक चपटी, चोवीस भोकांची पेटी आली. तिला स्विच म्हणतात. आमच्या शिपाईमामांनी पहिल्या दिवशी दिव्याचे बटण समजून तिच्यावर बोट दाबून पाहिले. दिवा लागला नाही, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, हे बिघडेल हाय."

ती बिघडलेली नव्हती. तिच्या प्रत्येक भोकातून एकेका संगणकाकडे तार गेलेली होती, आणि एकाने पाठवलेले दुसऱ्याच्या दारी नेऊन देणे हे तिचे काम होते. बरेच दिवस तिने ते बिनबोभाट केले. पुढे आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी बेत केला की आपल्या यंत्रावर लोणारच्या सरोवराचा चित्रपट लावावा आणि तो वीसही मुलांच्या पडद्यांवर एकदम दिसावा. २०२० च्या जून महिन्यात त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, ते मुलांना दाखवायचे होते. चित्रपट सुरू झाला, मुले हरखली, आणि पाचच मिनिटांत कचेरीतले लेखनिक ओरडत आले. त्यांचे यंत्र वायफायच्या डबीवर चालत असे. ते ठप्प झाले होते, आणि मुलांची माहिती भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. एकीकडे लोणार आणि दुसरीकडे लेखनिक, असा पेच पडला. लेखनिक जिंकले.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून गावी आला. तो तिकडे अशाच पेट्यांची देखभाल करण्याच्या नोकरीत आहे. शाळेत असताना तो कधी स्वस्थ बसत नसे. आता त्याच अस्वस्थतेचा त्याला पगार मिळतो. मी त्याला बोलावून घेतले. त्याने आपले यंत्र पेटीला जोडले, थोडा वेळ पाहिले आणि हसून म्हणाला, "गुरुजी, तुमची पेटी दवंडी देऊन राह्यली."

मग त्याने सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. कोणत्या दारामागे कोण राहतो हे पेटी बोलणाऱ्यावरून शिकते. जो बोलेल त्याचे नाव आणि दार ती आपल्या वहीत टिपून ठेवते. पण लोणारचा चित्रपट कोणा एकाला पाठवलेला नव्हता; तो एका गटाच्या पत्त्यावर पाठवलेला होता. पहिला आकडा २२४ पासून २३९ पर्यंत असलेले सगळे पत्ते जगाने अशा गटांसाठी राखून ठेवले आहेत. त्या पत्त्यावर कोणाचे घर नसते. भेंडवळच्या त्या शेतासारखी ती नुसती उभे राहण्याची जागा असते. त्या पत्त्याला उद्देशून बोलतात, त्या पत्त्यावरून मात्र कधी कोणी बोलत नाही. त्यामुळे हा गट कोणत्या दारामागे आहे हे पेटीला आपल्या रीतीने कधीच शिकता येत नाही. आणि ठाऊक नसले की ती एकच गोष्ट करते: आलेला माल साऱ्या दारांतून बाहेर लोटते. वायफायच्या डबीलाही तो मिळाला. हवेतून असा सर्वांसाठीचा माल पाठवताना ती डबी सगळ्यांत मंद चाल धरते, म्हणून लेखनिकांची वाट अडली.

"मग सरळ वीस जणांना वीस पाठव की," मी म्हणालो. लग्नपत्रिकेची तऱ्हा मला अजून सुचत होती.

"पाठोता येते ना. पण एकच चित्र वीस वेळा पाठोनं, म्हंजे धाडणाऱ्याचाच जीव जाते. अन् मंग पह्यले कोनाले द्याचं?"

पहिल्यांदा कोणाला द्यायचे, हा प्रश्न आमच्या शाळेत क्षुल्लक होता. मुंबईत तो क्षुल्लक राहिला नाही. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने २००९ साली दलालांना आपली यंत्रे बाजाराच्याच इमारतीत ठेवण्याची सोय दिली. क्षणाक्षणाचे भाव त्यांना कळवण्याची जी एक पद्धत २०१० पासून होती ती लग्नपत्रिकेची होती. प्रत्येकाला वेगळी प्रत, आणि तीही जोडणी ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने. जो सकाळी आधी जोडला गेला त्याला भाव आधी कळे. आधी म्हणजे डोळ्याचे पाते लवायच्याही आत. पण यंत्रे यंत्रांशी सौदे करतात तेथे तेवढे अंतर पुष्कळ होते. २०१४ साली गटाच्या पत्त्यावर एकदम भाव सोडण्याची पद्धत आली. पुढे चौकशा झाल्या. २०१९ साली सेबीने बाजाराला ६२४ कोटी ८९ लाख रुपये व्याजासह भरण्याचा हुकूम केला. २०२३ साली अपिली न्यायाधिकरणाने तो हुकूम रद्द केला, पण पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला सांगितले. आत्याबाईंचा रुसवा खरा होता, एवढाच याचा अर्थ मी घेतला. बातमी सर्वांना देणे आणि सर्वांना एकाच वेळी देणे, या दोन गोष्टी आहेत.

एकदाच बोलावे आणि मागणाऱ्या सगळ्यांनी ऐकावे, ही युक्ती यंत्रांच्या जगात रुजवली ती प्रामुख्याने स्टीव्ह डीअरिंग या संशोधकाने. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करीत असताना त्याने तिचे नियम लिहिले आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये ते प्रसिद्ध झाले. ज्या यंत्राला ऐकायचे आहे त्याने तसे बोलून दाखवावे, "मी या गटात आहे" असे कळवावे, हा त्यांतला मुख्य नियम. पेटीला एवढेच शिकवायचे की हे कळवणे जाता जाता कानावर घे, आणि ज्या दारातून ते आले त्याच दारातून माल सोड. इंग्रजीत याला स्नूपिंग म्हणतात. त्या शब्दाला चोरटेपणाचा वास येतो. आपल्याकडे कानोसा घेणे म्हणतात, आणि तो शब्द मला अधिक सभ्य वाटतो.

आमच्या विद्यार्थ्याने पेटीला कानोसा घ्यायला लावले. ज्या गटाची कोणीच मागणी केलेली नाही त्याचा माल टाकून द्यावा, असेही बजावले. काही थोडे पत्ते मात्र त्याने वगळले. पेट्यांनी आपापसांत घरकामाचे बोलायचे ते पत्ते सर्वांनाच ऐकू गेले पाहिजेत. म्हणजे गावात आग लागली तर दवंडी हवीच. मग चित्रपट सुरू केला. वीस पडद्यांवर लोणार आले. लेखनिकांकडून काही आरडाओरडा आला नाही. आम्ही सगळे समाधानाने पाहत होतो, आणि सव्वाचार मिनिटे झाली असतील नसतील, तोच सगळे पडदे एकदम गोठले. सरोवर अर्धे हिरवे आणि अर्धे गुलाबी होऊन थांबले.

मुले माझ्याकडे पाहू लागली, मी त्याच्याकडे. त्याने कपाळाला हात लावला, पण चेहऱ्यावर हसू होते. "गुरुजी," तो म्हणाला, "अथी इचारणाराच कोनी नाई."

या वाक्यासाठी मी हा सगळा प्रपंच केला आहे. मुलांच्या यंत्रांनी सुरुवातीला एकदा कळवले होते की आम्ही ऐकत आहोत. पेटीने ते टिपून घेतले होते. पण पेटीच्या वहीतली ही नोंद कायमची नसते. तिला आयुष्य २६० सेकंदांचे. मधूनमधून कोणीतरी मोठ्याने विचारावे लागते, "कोणी ऐकतंय का?" मग ऐकणारे उत्तर देतात आणि नोंदीचे आयुष्य पुन्हा नव्याने सुरू होते. मोठ्या जाळ्यांत हे विचारण्याचे काम रस्ते दाखवणारी यंत्रे करतात. आमच्या चार भिंतींच्या जाळ्यात तसे कोणी नव्हते. कोणी विचारले नाही म्हणून कोणी उत्तर दिले नाही, आणि उत्तर आले नाही म्हणून पेटीने समजूत करून घेतली की सगळे उठून गेले. वास्तविक वीसही मुले डोळे ताणून पडद्याकडे बघत होती!

आकड्यांची गंमत त्याने मला फळ्यावर लिहून दाखवली. विचारायचे दर १२५ सेकंदांनी. उत्तराला मुदत १० सेकंदांची. १२५ दुणे २५० आणि वर १०, असे २६०. म्हणजे एक हाक हुकली तर चालते. गर्दीत ऐकू आली नसेल, असे समजून सांभाळून घेतात. लागोपाठ दोन हाकांना ओ आली नाही, म्हणजे मग नाव गळते. नियम करणारा माणूस कधीतरी वर्गावर उभा राहिलेला असावा, असे मला वाटून गेले.

ती शंका पुढे आणखी बळावली. जुन्या नियमांत अशी सोय होती की "कोणी ऐकतंय का?" म्हटल्यावर गटातल्या एकाने ओ दिली की बाकीच्यांनी गप्प राहायचे. उगाच गलका नको. २००२ साली आलेल्या नव्या नियमांनी ही सोय काढून टाकली. आता प्रत्येकाने आपापले उत्तर द्यायचे. वीस वर्षे वर्गात "समजले का?" विचारणाऱ्या माणसाला यातले मर्म सांगावे लागत नाही. पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा "होऽ" म्हणतो आणि बाकीचे एकोणचाळीस त्याच्या होकाराच्या सावलीत शांत बसतात. वर्गाला समजले आहे हे त्या एका उत्तरावरून कळते. कोणाला समजले नाही हे कधीच कळत नाही.

विद्यार्थ्याने पेटीलाच विचारण्याचे काम नेमून दिले. त्यासाठी तिला स्वतःचा एक पत्ता द्यावा लागला, कारण निनावी विचारणाऱ्याला कोण उत्तर देणार? मग सगळे लिहून कायम केले. "हे लिहून नाई ठुलं तं लाइट गेल्यावर इसरते," तो म्हणाला, आणि आमच्या गावची लाइट जाण्याची रीत त्याला पाठ होती. शेवटी त्याने एक खूण दाखवली. ती केली की कोणी "मी निघालो" म्हणताच पेटी ते दार तत्काळ बंद करते. काम झटपट होते, वाया काही जात नाही.

"मग कर की," मी म्हणालो.

"नाई गुरुजी. नवव्या तारेले पुढं आणखी एक लहान पेटी जोडेल हाय, तिच्यामांगं चार पोरं बसतात. एक उठला म्हून दार लावलं तं बाकीच्या तिघायचं कसं?"

साधी रीत अशी की कोणी निघाले की दार लावण्यापूर्वी पुन्हा विचारायचे, "आत आणखी कोणी आहे का?" एकेका सेकंदाच्या अंतराने, दोनदा. मगच दार लावायचे. ती रीत त्याने तशीच ठेवली.

दिवाळी झाली. शाळा उघडली. आमच्या भागातली काही कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघे लागतात. सातवीतली एक मुलगी अशीच गेली. जाताना ती सांगून गेली होती. "गुरुजी, आमी जातो आता, अखजीले येतो," असे तिने वर्गाच्या दारात उभे राहून मला सांगितले होते. तिच्यामागे घरी स्वयंपाक करायला कोणी नव्हते म्हणून नव्हे, तर तिकडे फडावर आईच्या कडेवरचे मूल सांभाळायला ती हवी होती म्हणून तिला नेले. गावात सगळे म्हणाले की ते घर गेले. दाराला कुलूपही होते.

तिच्या नावापुढे हजेरीवर रेघ ओढताना मला ती नववी तार आठवली. या घरातला आणखी एकजण शाळेत होता. दुसरीतला धाकटा भाऊ. त्याच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तेही गेलं असंल की मायबापासंगं." मी संध्याकाळी त्या घराकडे गेलो. पुढच्या दाराला कुलूप होते ते खरेच. पण मागच्या बाजूला गोठ्यालगतच्या खोलीत आजी होती, आणि आजीच्या पलीकडे पोतडीवर तो मुलगा बसला होता. त्याला तिकडे नेले नव्हते. तो शाळेत का आला नाही असे विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "त्याले आनणारी बहीणच गेली ना, बापा. मले रस्ता दिसत नाई. अन् कोनी इचारलंबी नाई."

दुसऱ्या दिवसापासून त्याच गल्लीतल्या चौथीतल्या दोन मुली त्याला हाताला धरून आणू लागल्या. मोठे काही घडले नाही. त्याची बहीण फडावरच राहिली. तिच्यासाठी मला काही करता आले नाही आणि तसे झाले असते तर ते लिहायला मला फार आवडले असते. अखजीनंतर ती आली तेव्हा तिची सबंध एक सहामाही बुडाली होती. आल्या आल्या तिने विचारले ते स्वतःच्या वर्गाचे नव्हते. "आमचा लहान्या येत होता का शायेत?" असे विचारले. मी हजेरीचे पुस्तक काढून तिला दाखवले. ओळीने सगळी "ह" अक्षरे होती, मधे दोन-चार गाळलेली. तिने बोट ठेवून ती एकेक मोजली आणि मग आपल्या बाकावर जाऊन बसली.

आमची पेटी अजून तशीच चालू आहे. मुले चित्रपट पाहत असली म्हणजे मी कधीकधी मागे जाऊन उभा राहतो. काही ऐकू येत नाही, नुसते हिरवे दिवे लुकलुकत असतात. पण दर दोन मिनिटांच्या आतबाहेर त्या लुकलुकण्यात ती काय विचारत असते, हे आता मला ठाऊक आहे. दिवाळी अंकाची पाने भरणाऱ्या माणसाने याहून वेगळे काही विचारावे असे मला वाटत नाही, आणि उत्तर एकट्या पहिल्या बाकाने देऊ नये, एवढीच वाचकांना विनंती.